पाटी कमानीच्या आतही बसते

वाचकाचे पत्र

मुंबईच्या फोर्ट भागात दादाभाई नौरोजी मार्गावर आमचे वह्या, रजिस्टरे आणि कार्यालयीन साहित्याचे दुकान आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी ते पागडीने (म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन, पुढे नाममात्र भाड्यावर) घेतले, पुढे सासऱ्यांनी चालवले आणि आता मी व माझा मुलगा पाहतो. इमारत दगडी, शंभर वर्षांहून जुनी आहे. दुकानापुढे कमानींचा पादचारी मार्ग आहे आणि वरच्या मजल्यावर माल ठेवण्यासाठी आमच्या दोन खोल्या आहेत. मुलाचे म्हणणे असे की दुकान लांबून दिसतच नाही. म्हणून कमानीवर चौदा फूट लांबीचे ॲल्युमिनियम पॅनेल ठोकून त्यावर एलईडीची पाटी लावावी, वरच्या सडलेल्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवाव्यात, दर्शनी भिंत घासून तिला वॉटरप्रूफ रंग द्यावा आणि एसीचे बाहेरचे यंत्र खिडकीखाली टांगावे, असा त्याचा बेत आहे. कंत्राटदार म्हणतो, 'ही नुसती दुरुस्ती आहे, परवानगी लागत नाही. हेरिटेज समितीकडे गेलात तर वर्ष जाईल. शनिवार-रविवारी उरकून टाकू.' घरमालक पत्रांना उत्तर देत नाहीत. सासरे ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि ते जुनी सागवानी पाटी उतरवू देत नाहीत. माझा प्रश्न असा, की भाडे आम्ही भरतो, खर्चही आम्हीच करणार, मग आमच्या दुकानाच्या दर्शनी भागावर काय लावायचे हे समितीने का ठरवावे? ओव्हल मैदानासमोर माझी नणंद राहते, तिच्या इमारतीत कितीतरी जणांनी गॅलऱ्या बंद केल्या, त्यांना तर कोणी विचारलेही नाही.

— एक वाचक, मुंबई

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे मी येतोच, पण त्याआधी एक विनंती आहे. शनिवारचे काम थांबवा. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती बाकीच्या, म्हणजे दुकानाच्या आतल्या कामात वळती करून घ्या, परंतु दर्शनी बाजूला त्याला एकही खिळा ठोकू देऊ नका.

कंत्राटदार जे सांगतो ते शहरातील बहुतेक इमारतींच्या बाबतीत खरे आहे आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला पटते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४३ मध्ये अशी सवलत आहे, की ज्या डागडुजीचा परिणाम इमारतीच्या केवळ आतल्या भागावर होतो किंवा जिच्यामुळे बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक पडत नाही, तिला विकास परवानगी लागत नाही. मात्र त्याच वाक्यात पुढे वारसा इमारत आणि वारसा परिसर यांना या सवलतीतून वगळले आहे. इतकेच नव्हे, तर 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच वारसा इमारतीतील किंवा तिच्या परिसरातील महत्त्वाचा बदल समाविष्ट केलेला आहे. दादाभाई नौरोजी मार्ग हा मुंबईच्या वारसा यादीत द्वितीय-अ श्रेणीचा परिसर आहे. त्यामुळे तुमची इमारत त्या यादीत स्वतंत्रपणे नोंदलेली असो वा नसो, पॅनेल, खिडक्या, भिंतीचा रंग आणि एसीचे यंत्र या चारही गोष्टी परवानगीच्या कक्षेत येतात. विनापरवाना काम झाल्यास पालिका ते काढून टाकून जागा पूर्ववत करण्याची नोटीस देऊ शकते आणि कलम ५२ मध्ये तुरुंगवासापर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. ती नोटीस कंत्राटदाराला येणार नाही, तुमच्या नावाने येईल.

तुम्ही पागडीचे भाडेकरू आहात, त्यामुळे दुसरा धोका मला याहून मोठा वाटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम केले, तर ते जागा खाली करून मागण्याचे कारण ठरू शकते. पॅनेल आणि खिडक्या 'कायमस्वरूपी' आहेत की नाहीत, हा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालू शकतो. तो तुमच्या बाजूने निकाली निघेलही, पण चार पिढ्यांची जागा एका पाटीसाठी वादात का घालायची? आज गप्प असलेले घरमालक उद्याही गप्पच राहतील असे गृहीत धरू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, म्हणजे समितीने का ठरवावे.

तुमच्या दुकानासमोरची जी कमान आहे, तिच्याखालून पावसाळ्यात माणसे कोरडी चालत जातात. बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरलेला माणूस जुलैच्या झडीतही छत्री न उघडता बरेच अंतर चालून जाऊ शकतो, आणि हे कोणा एका मालकाच्या औदार्यामुळे झालेले नाही. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, त्यानंतर या जुन्या हॉर्नबी रोडला नवे रूप आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्ता रुंद होऊन येथे मोठ्या इमारती उभ्या राहू लागल्या. त्या वेळी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सलग कमानींचा मार्ग राखावा असे बंधन घातले गेले. प्रत्येक मालकाने आपल्या जागेतील एक पट्टी चालणाऱ्यांसाठी सोडली. एका इमारतीची धाटणी गॉथिक, दुसरीची नवअभिजात, तिसरीवर इंडो-सारासेनिक घुमट, वास्तुकारही वेगवेगळे, तरीही हा रस्ता एकसंध वाटतो तो या सलग कमानींमुळे. म्हणजे तुमच्या दुकानाचा दर्शनी भाग पहिल्या दिवसापासून अर्धा तुमचा आणि अर्धा रस्त्याचा होता. त्या काळच्या नियमाचा लाभ तुमचे दुकान शंभर वर्षे घेत आले आहे, कारण पावसात आडोशाला थांबलेला माणूस आत येऊन एखादी वही घेतोच. आज समिती तुम्हाला जे विचारते, तो त्याच जुन्या बंधनाचा पुढचा भाग आहे.

समितीची कक्षा कुठे संपते, हेही मुलाला नीट समजावून सांगा. मुंबईचे वारसा नियम १९९५ मध्ये लागू झाले. तेव्हा तो विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ वा नियम होता, आता विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये तो ५२ वा आहे. प्रथम श्रेणीच्या इमारतींना आतून-बाहेरून हात लावता येत नाही, अपवाद फक्त त्यांच्या मजबुतीसाठी अटळ असलेल्या कामांचा. द्वितीय-अ श्रेणीत आतील बदल आणि नवा वापर यांना वाव आहे, छाननी होते ती प्रामुख्याने बाहेरच्या रूपाची. तुम्ही आत कपाटे कशी लावता, दिवे कोणते बसवता, वह्या विकता की औषधे, यात समिती पडत नाही. शिवाय समिती सल्ला देते, परवानगी पालिका आयुक्तांची असते.

तुमच्या पत्रातील नाराजी मला मात्र निराधार वाटत नाही. ज्या नियमावलीखाली भला मोठा पुनर्विकास तपासला जातो, तिच्याखालीच एका दुकानदाराची पाटीही तपासली जावी आणि दोघांनाही जवळजवळ सारख्याच कागदपत्रांच्या वाटेने जावे लागावे, हे न्याय्य नाही. पाट्या, खिडक्यांची झडपे, रंग अशा लहान कामांसाठी मान्य नमुने छापून ठेवावेत आणि त्या नमुन्यांत बसणाऱ्या अर्जाचा निर्णय विभाग कार्यालयातच थोड्या दिवसांत व्हावा, असे माझे ठाम मत आहे. उशीर हेच लोकांना शनिवार-रविवारच्या कामाकडे ढकलणारे सर्वांत मोठे कारण आहे. ते दुखणे खरे आहे, पण त्यावर कंत्राटदाराने सुचवलेला उपाय चुकीचा आहे.

तुमच्या नणंदेच्या इमारतीविषयी थोडक्यात सांगतो. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक सार्वजनिक इमारती आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको निवासी इमारती आहेत. हा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात एकूण ९४ इमारती आहेत. त्या आर्ट डेको घरांची ओळखच त्यांच्या गोलाकार गॅलऱ्या, खिडक्यांवरचे आडवे छज्जे आणि लोखंडी कठड्यांची नक्षी ही आहे, त्यामुळे बंद केलेली प्रत्येक गॅलरी त्या रांगेतून एक दात काढल्यासारखी दिसते. कोणी विचारले नाही याचा अर्थ परवानगी मिळाली असा होत नाही. घर विकताना किंवा मोठ्या दुरुस्तीचा नकाशा मंजुरीला गेल्यावर अशी कामे उघडी पडतात, आणि तेव्हा ज्याने ती केली तो बहुधा तिथे राहतही नसतो.

आता पाटीकडे वळतो, कारण तुमच्या घरातील सारा वाद तिथेच आहे.

मुलगा म्हणतो की दुकान दिसत नाही. त्याचे म्हणणे खरे मानून एकदा दोघे मिळून रस्त्यावर उभे राहा. समोरच्या पदपथावरून पाहा, मग कमानींच्या आतून चालत या. तुमच्या लक्षात येईल की तुमचे बहुतेक गिऱ्हाईक कमानीखालून चालत येते आणि कमानीच्या बाहेरच्या तोंडावर ठोकलेले चौदा फुटी पॅनेल त्याला अजिबात दिसणार नाही. ते फक्त रस्त्यापलीकडच्या माणसाला आणि गाडीतून जाणाऱ्याला दिसेल, आणि तो माणूस वह्या घ्यायला गाडी थांबवणार नाही. तुम्हाला दोन लहान पाट्या हव्यात. एक कमानीच्या पोकळीत, म्हणजे कमानीच्या वळणाखाली, दोन खांबांच्या मधोमध, दगडाला कुठेही न झाकणारी. दुसरी कमानींच्या मार्गात, दुकानाच्या दारावर आडवी टांगलेली, चालणाऱ्याच्या डोक्याला लागणार नाही इतकी उंच आणि दोन्ही बाजूंनी वाचता येणारी. पाटीच्या आतून उजेड पाडण्याऐवजी अक्षरांवर वरून लहान दिवे सोडा आणि दुकानाच्या काचेमागे भरपूर उजेड ठेवा. संध्याकाळी सहानंतर अंधाऱ्या कमानीत उजळलेले दुकान जितके लक्ष वेधते, तितके कोणतेही पॅनेल वेधत नाही.

हे मी कल्पनेने सांगत नाही, तुमच्याच रस्त्यावर ते घडून गेले आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई महानगर प्रदेश वारसा संवर्धन संस्थेच्या पुढाकाराने संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी दादाभाई नौरोजी मार्गाचा अभ्यास करून पाट्या आणि रस्त्यावरील साहित्य यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. पाटी कमानीच्या चौकटीत बसावी, खांबांचे माथे, कमानीचे दगड आणि नक्षी झाकली जाऊ नयेत, असा त्यांचा गाभा होता. येथील दुकानदारांनी आणि कार्यालयांनी आपल्या पाट्या स्वतःहून उतरवून नव्या मापात बसवल्या, आणि वर्षानुवर्षे फलकांमागे दडलेल्या कमानी पुन्हा उघड्या झाल्या. या कामाचा २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत गौरव झाला. तुमच्या सासऱ्यांना तो काळ आठवत असेल, त्यांना विचारा. कदाचित त्यांची सागवानी पाटी आज जिथे आहे तिथे त्याच वेळी बसवली गेली असेल, आणि तसे असेल तर ती जागा आधीच नियमात बसणारी आहे.

पाटीसंबंधी आणखी दोन बाबी आहेत. दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आहे आणि देवनागरी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा अनेकांनी घाईघाईने जुन्या पाटीवरच फ्लेक्स चढवले. तुम्ही तसे करू नका. सागवानी पाटीवर मराठी नाव आधीच असेल तर उत्तम, नसेल तर ती पाटी तशीच जपून तिच्या वर किंवा खाली त्याच जातीच्या लाकडावर रंगवलेली देवनागरी अक्षरे जोडता येतील. दुसरे असे, की प्रकाशित फलकासाठी पालिकेच्या अनुज्ञापन खात्याचा परवाना वारसा परवानगीहून वेगळा असतो. एक मिळाला म्हणजे दुसरा मिळाला असे समजू नका.

आणि पाटी कशीही असो, ती दगडात ठोकू नका. दगडांमधील दरजांत, म्हणजे चुन्याच्या सांध्यात भोक पाडता येते, कारण दरज पुन्हा भरता येते, पण दगडातील भोक कायमचे राहते. खिळे आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच वापरा. साधे लोखंड समुद्राच्या हवेत गंजते, गंजताना फुगते आणि आतून दगडाला तडा देते. माझ्या कामात एकदा एका दुकानाचे जुने पॅनेल पालिकेच्या नोटिशीनंतर उतरवावे लागले. मागची कमान पाहिल्यावर मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. दगडाला ठिकठिकाणी भोके पडली होती, त्यांतील निम्म्या भोकांभोवती दगडाच्या खपल्या निघाल्या होत्या आणि पॅनेलमागे साठलेल्या ओलीने संपूर्ण कमान काळी पडली होती. पॅनेलला जो खर्च आला होता, त्याहून जास्त खर्च ती कमान दुरुस्त करण्यात गेला.

खिडक्यांच्या बाबतीत मी तुम्हाला थोडा धीर देऊ शकतो. लाकडी झडपे 'सडली' असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती खालच्या चार-सहा इंचांतच सडलेली असतात, कारण पावसाचे पाणी खालच्या पट्टीवर साचते. वरचे सागवान, आणि त्या काळी ते बहुधा ब्रह्मदेशी सागवान असे, टणक असते. चांगल्या सुताराला बोलावून टोच्याने लाकूड ठिकठिकाणी टोचून पाहायला सांगा. जिथे टोच्या आत रुतत नाही ते लाकूड ठेवायचे, जिथे रुततो तेवढेच कापून त्या जागी सागाचाच तुकडा सांधायचा. झिलमिलीच्या, म्हणजे झडपांमधल्या तिरप्या आडव्या पट्ट्यांच्या जाळीच्या, तुटलेल्या पट्ट्या एकेक बदलता येतात. जुन्या मोडलेल्या वाड्यांचे आणि इमारतींचे सागवान बाजारात मिळते आणि ते नव्या लाकडापेक्षा अधिक मुरलेले असते. झिलमिलीच्या खिडकीतून पाऊस येत नाही आणि वारा येतो. तुमच्यासारख्या कागदाच्या व्यवसायात ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीमागे पावसाळ्यात हवा कोंडली की वह्यांच्या गठ्ठ्यांना बुरशी धरते. धूळ आणि आवाज यांचा त्रास असेल तर झडपांच्या आतल्या बाजूला वेगळी काचेची चौकट बसवता येते. ती रस्त्यावरून दिसत नाही आणि तिला समितीचा आक्षेप असण्याचे कारण उरत नाही.

एखादी खिडकी खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर नवी करा, पण त्याच मापाची, त्याच लाकडाची आणि त्याच विभागणीची. ती कशी होती याचा पुरावा शोधायला लांब जावे लागणार नाही. तुमच्याच इमारतीच्या त्याच मजल्यावर, एखाद्या शेजाऱ्याकडे तशी एक तरी शाबूत खिडकी असेल. तिचे माप घ्या आणि छायाचित्र काढा.

भिंत घासण्याचा बेत मात्र पूर्णपणे सोडून द्या. या भागातील अनेक इमारतींचा पिवळसर दगड मलाडच्या खाणींतील आहे. त्याचा वरचा थर हवा-पाण्याने घट्ट झालेला असतो, आणि ग्राइंडरने किंवा वाळूच्या माऱ्याने तो थर काढला की आतला कोवळा भाग पावसापुढे उघडा पडतो. वॉटरप्रूफ रंगाबद्दल सांगायचे तर जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते, ती पाणी थोडे शोषते आणि उन्हात सोडते. बाहेरून तिच्यावर ओल बाहेर न सोडणारा रंग किंवा सिमेंटचा गिलावा दिला, की पाणी छतावरून, नळांतून, तड्यांतून आत येतच राहते पण बाहेर पडू शकत नाही, आणि मग ओल तुमच्या खोलीच्या आतल्या बाजूला उमटते. भिंतीवर आधीचा तैलरंग असेल तर तो रसायनाच्या लेपाने, आधी एखाद्या वीतभर कोपऱ्यात करून पाहून, मगच काढावा. बाकीची भिंत पाण्याच्या बारीक फवाऱ्याने आणि मऊ ब्रशने धुवून घ्या आणि निखळलेल्या दरजा चुन्याने भरून घ्या. चुन्याचे काम दिवाळीनंतर सुरू करा. पावसात ते धुऊन जाते आणि वैशाखाच्या उन्हात घट्ट होण्याआधीच सुकून तडकते.

एसीचे यंत्र मागच्या हाऊस गल्लीच्या, म्हणजे इमारतींमधल्या अरुंद सफाईच्या बोळाच्या, बाजूला न्या, त्यासाठी तांब्याची नळी काही फूट जास्त लागेल एवढेच. त्याचे पाणी भिंतीवर ठिबकू देऊ नका, पन्हाळीत सोडा.

घरमालकांना आता साधे पत्र न पाठवता पोचपावतीच्या टपालाने नोटीस पाठवा. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ नुसार जागा राहण्या-वापरण्याजोगी ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने दुरुस्ती टाळली, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि तिचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू शकत नाही. तुमचे पागडीचे भाडे लक्षात घेता या वळतीतून फारसे पैसे सुटणार नाहीत हे मला ठाऊक आहे. नोटिशीचे महत्त्व वेगळे आहे. दुरुस्ती तुम्ही मागितली आणि मालकाने टाळली, याची लेखी नोंद तुमच्या अर्जासोबत जाते. त्याच पत्रात पाटी आणि खिडक्यांसाठी त्यांचे ना हरकत पत्रही मागा. इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा उपकर तिच्यावर आकारला जात असेल, तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडेही अर्ज करा. छत, जिना, सामाईक भिंती यांची मोठी दुरुस्ती तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नये. वारसा इमारतींच्या मालकांना विकास हक्कांच्या हस्तांतरणाचा (टीडीआर, म्हणजे न वापरलेले बांधकामाचे हक्क दुसरीकडे वापरण्यासाठी विकण्याचा) लाभ मिळू शकतो, घरमालकांना पत्र लिहिताना तेवढे एक वाक्य घातल्यास त्यांचे मौन सुटण्याची शक्यता वाढते.

अर्जासाठी नोंदणीकृत वास्तुविशारद लागेल, आणि शक्य असेल तर जुन्या दगडी इमारतींवर काम केलेलाच निवडा. आधी पालिकेकडून विकास आराखड्याचा अभिप्राय (डीपी रिमार्क) काढून इमारतीची श्रेणी कागदावर निश्चित करून घ्या. फोर्ट ए विभागात येतो, तेव्हा त्या विभाग कार्यालयात दुरुस्तीचे काम कोणत्या टेबलावरून पुढे जाते ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. सोबत संपूर्ण दर्शनी बाजूचे छायाचित्र, कमान आणि खिडक्यांची जवळून घेतलेली छायाचित्रे, आजची आणि प्रस्तावित बाजू दाखवणारे मापाचे चित्र, साहित्याची यादी आणि घरच्या अल्बममधले दुकानाचे एखादे जुने छायाचित्र जोडा. या शेवटच्या गोष्टीला अर्जात किती वजन असते हे लोकांना ठाऊक नसते. समितीवर वास्तुविशारद, संरचना अभियंते, इतिहासाचे जाणकार असे लोक असतात, आणि 'हे पूर्वी असे होते, आम्ही ते तसेच करू इच्छितो' असे म्हणणारा अर्ज त्यांच्यापुढे आला की प्रश्न कमी उरतात. वर्ष जाते ते बहुधा अपुऱ्या चित्रांमुळे आणि परत आलेल्या अर्जांमुळे. पाटी आणि खिडक्या हे दोन वेगळे अर्ज न करता एकच करा, पण भिंत धुण्याचे आणि दरजा भरण्याचे काम त्यात स्पष्टपणे लिहा, नाहीतर काम चालू असताना कोणीतरी तक्रार करेल आणि उत्तर देण्यासाठी तुमच्याकडे कागद नसेल.

मुलाशी बोलताना त्याला चुकीचे ठरवू नका. दुकान टिकावे म्हणूनच तो धडपडतो आहे, आणि ज्या रस्त्यावर जुनी दुकाने एकेक करून बंद होत आहेत तिथे पुढच्या पिढीतील कोणाला तरी दुकान चालवावेसे वाटते, ही मोठी गोष्ट आहे. त्यालाच या कामाचा प्रमुख करा. वास्तुविशारदासोबत मापे घ्यायला, सुतारासोबत खिडकी टोचून पाहायला आणि विभाग कार्यालयात चौकशी करायला त्यालाच पाठवा. पाटीवरची नवी देवनागरी अक्षरे कोणत्या वळणाची असावीत, हा निर्णय त्याच्यावर सोपवा. आणि सासऱ्यांना सांगा की पाटी उतरवायची नाही असे ठरले आहे, फक्त दिवाळीनंतर ती आठ दिवसांसाठी सुताराकडे जाईल, तिला तेलपाणी होईल, खालची पट्टी बदलली जाईल आणि ती परत येईल. ती खाली उतरेल त्या दिवशी त्यांना दुकानात बोलवा. पाटीच्या मागच्या बाजूला रंगाऱ्याचे नाव किंवा तारीख लिहिलेली असण्याची शक्यता असते, आणि ती कोणी आणि केव्हा रंगवली हे सांगू शकणारे तुमच्या घरात आता तेच एक आहेत. ते जे सांगतील ते लिहून घ्या आणि अर्जाला जोडा.